शंभरावर थांबलेली यादी

त्या दुपारी मला एका जागी बसवत नव्हतं. कळमनुरीच्या घरातून मी पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. गावोगावच्या दुकानांना किती बियाणं लागेल, याचे अंदाज आम्ही क्लाउडवरच्या एका सेवेकडून काढतो. ते सगळे नव्या खात्यात हलवायचे होते. सकाळी मी कोड लिहून त्यांची दुकानवार यादी मागवली आणि साहेबांना तोऱ्यात कळवलं, "यादी पूर्ण आहे." यादीत असेल तेवढंच हलणार होतं, उरलेलं चार वाजता पुसलं जाणार होतं.

यादीत बरोब्बर शंभर दुकानं होती. सकाळी तो आकडा छान वाटला, जेवताना खटकला. दुकानं काय कुणी मोजून शंभर उघडतं? पण एकदा पूर्ण म्हणून बसले होते, आणि शब्द मागे घेणं माझ्या जिवावर येतं. उगाच फ्रीज उघडला, लावला. घड्याळात अडीच वाजले होते.

तेवढ्यात आई घरोघरी बारशाचं आवतन देऊन आली. "इतका उशीर?" मी तिच्यावरच खेकसले.

"गल्लीतल्या शेवटच्या घरी इचारावं लागतंय, पुढं कोन ऱ्हायलं का म्हणून."

"लिहून नेलं होतंस ना?"

"लिवलेल्यात सगळे येतेत व्हय? साखऱ्याला ऱ्हात व्हतो तवा आपलं घर गावाच्या टोकाला व्हतं. एकदा आवतन आपल्यापर्यंत आलंच न्हाई. तू नवा फ्रॉक घालून दिवसभर दारात बसलीस. तवापासून मी इचारतेच."

मी लॅपटॉपकडे धावले. सेवेच्या उत्तराच्या तळाशी अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक खूण होती. ती परत पाठवली की पुढची शंभर नावं मिळतात. सकाळी मी ती बघूनही सोडून दिली होती.

आधी साहेबांना फोन लावला. "यादी अर्धवट आहे. चूक माझी. काही पुसू नका." ते "बरं" एवढंच म्हणाले.

मग खूण येणं थांबेपर्यंत ती परत पाठवून पुढची नावं मागवत राहिले. अगदी शेवटच्या खेपेला एकच नाव आलं, साखऱ्याच्या दुकानाचं. ज्या गावात मी फ्रॉक घालून दारात आवतनाची वाट पाहिली, ते गाव सकाळी मीच वगळलं होतं.