वकिलीणबाईच्या तोंडाकडे

जठारपेठेतल्या आमच्या बायकांची एक गोष्ट काढली की तिच्या मागून दुसरी निघते, आणि प्रत्येकीत वकिलीणबाई आहेच. नवरा वकील, स्वतः मॅट्रिक. मी पातूरकडची, चौथी शिकलेली. दुपारी आम्ही सगळ्या तिच्या ओसरीवर जमायचो. ती बोलली की सगळ्यांच्या माना हलायच्या. माझ्या बोलण्यावर एखादी तरी मान हलावी, एवढंच मला पाहिजे होतं. पोट दुखायचं माझं, खोटं कशाला बोलू.

*

लुगडेवाला आला. मी म्हटलं, "हिरवं घ्या, धुण्यात टिकते." कोणी हात लावला नाही. वकिलीणबाईनं जांभळं उचललं, आणि त्याच्या गाठोड्यातली जांभळी संपली.

रामनवमीला कीर्तन सुटल्यावर आमच्यातल्या मनुताईचे यजमान एका जांभळ्या लुगड्याला "चाल लवकर, भूक लागली" म्हणत कोपऱ्यापर्यंत गेले. शेवटी मीच मागं वळून म्हटलं, "भाऊजी, मनुताई तिकडं आहे."

हो, मी पण जांभळंच घेतलं होतं.

*

एकदा मॅटिनीला गेलो. सिनेमा हसण्याचा होता. मधेच वकिलीणबाईनं डोळ्याला पदर लावला. झालं, अख्खी ओळ मुसमुसायला लागली. गंगूबाई तर हुंदके देऊन.

बाहेर आल्यावर विचारलं, "काय झालं होतं वो बाई?"

"सर्दी हो. सकाळपासून डोळे गळताहेत."

गंगूबाईला म्हटलं, "मंग तू काहून रडत होती वं?"

"त्या रडल्या म्हणजे काही तरी असंलच ना."

*

मग वकिलीणबाईचा घसा बसला. आवाजच गेला. वाटलं, आता आपलं चालते. म्हटलं, "हळदीकुंकू मंगळवारी ठेवू."

सगळ्या तिच्याकडे पाहून राहिल्या. ती खोकली.

"बाईले मंगळवार पसंत नाही," गंगूबाई म्हणाली.

*

एका उन्हाळ्यात ती भावाकडे अमरावतीला गेली. तिच्या मागं मनुताईच्या लेकीच्या लग्नाचे पापड करायला घेतले. पीठ कुटून झाल्यावर मी लाटी तोंडात टाकली.

"यात मीठच नाही वं."

मनुताई म्हणे, "वकिलीणबाई कमीच टाकतात." मग एकेकीनं लाटी खाल्ली आणि एकेकीनं मनुताईसारखंच म्हटलं. मी मिठाचा डबा आणला, तर गंगूबाईनं हातातून काढून घेतला. पापड तसेच लाटले, तसेच वाळले.

वकिलीणबाई परत आली, तेव्हा मनुताईनं तिला घरी बोलावून पापड तळून दिले.

"तुमच्यासारखेच झाले बाई."

"लय छान झाले," बाकीच्या.

तिनं तुकडा मोडला. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, हिनं बोलावं. तिनं चावला. थांबली. एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं.

"छान झालेत," म्हणाली, आणि दुसरा उचलला.

ती निघाली तशी मी मागोमाग फाटकापर्यंत गेले.

"खरं सांगा बाई, मीठ होतं त्यात?"

"कुठलं हो. मुळीच नव्हतं."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"अहो, सगळ्याच छान म्हणत होत्या," ती म्हणाली. "मी एकटी कशी बोलणार?"