परबांच्या दारातला टेकू

"हा टेकू दिवाळीनंतर लावा ना, साहेब," परब टेलर म्हणाले. मी हातोडी घेऊन त्यांच्या दुकानाच्या दारात उभा होतो. वरचा दगडी छज्जा आतून ठिसूळ झाला होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. घाटकोपरला स्टेशनजवळ चार दुकानांची एक जुनी इमारत होती, तिची तपासणी माझ्याकडे आली. दर्शनी भाग पोरबंदरी दगडाचा. हा चुनखडीचा दगड पाणी पितो आणि उन्हात परत सोडतो. पण इथे दर दसऱ्याला दुकानदार हौसेने त्यावर ऑइल पेंट फासायचे. पाणी आतच राहायचं आणि दगड पोखरायचं. बाहेरून सगळं चकचकीत, आणि हातोडी मारली की भद्द आवाज. चांगला दगड खणकन वाजतो.

मी प्रत्येक दारात एक लाकडी टेकू सांगितला. तिघे कुरकुरत तयार झाले. परबांचं दार सगळ्यात अरुंद, टेकूचा खांब बरोबर मधोमध येत होता.

"मग आठवडाभर दुकान बंद ठेवा," मी म्हटलं.

"भाडेकरू आहे मी. एकदा कुलूप लागलं की मालक परत आत घेईल काय? आणि खांब लावलात तर गिऱ्हाईक शिरणार कुठून? वर्षाचं काम दिवाळीतच असतं, साहेब."

मी बॉसना फोन केला. "अरे, नोटीस दे, त्याची सही घे आणि मोकळा हो."

मी सही घेतली आणि परबांचा टेकू दिवाळीनंतरवर टाकला. परबांची दया आली होती, हेही खरं. तीन टेकूंवर आठ-दहा दिवस निघतील, असं मी धरून चाललो. कागदावर हिशेब मांडलाच नाही.

धनत्रयोदशीला भरदुपारी छज्जा पडला. तीन दारांवरचा राहिला, परबांच्या दारावरचा तेवढा खाली आला. ते गिऱ्हाइकाला पोचवायला पायरीवर आले होते. जागच्या जागी गेले.

चौकशी झाली. सही दाखवली, मी सुटलो. "बघ, कामाला आली की नाही?" बॉस म्हणाले. मला त्यांचा संताप आला, आणि स्वतःची लाज वाटली.

मी इमारतीत गेलो तेव्हा परबांच्या पत्नी दुकानातले लोकांचे अर्धवट शिवलेले कपडे न्यायला आल्या होत्या. मला पाहून थांबल्या.

"ते नको म्हणाले, ते ठीक. त्यांना शिवणातलं कळायचं. इंजिनिअर तुम्ही होतात ना?"

 

पुढे पंचवीस वर्षं नोकरी केली. टेकू लावू का, असं कुणाला विचारलं नाही. आधी टेकू लावायचो, मग शिव्या खायचो.