नानांनी रद्द करून आणलेली बदली

परदेशात फुटबॉल खेळलेला आमच्या घराण्यातला मी पहिला माणूस. त्यातला बराचसा काळ मी बसून खेळलो.

ऐंशीच्या दशकात जळगावहून निघालो आणि क्लब बदलत बदलत ढाक्याला पोहोचलो. तिथं मी 'बदली' होतो. म्हणजे राखीव! कोणाचा पाय मुरगळला तर मैदानात जायचं, नाहीतर बाक उबवायचा.

इकडे वडील, म्हणजे नाना, सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. धुळे, शिरपूर, पाचोरा, पुन्हा धुळे! आईनं कुठल्याच घरात भिंतीला खिळा ठोकला नाही. ठोकला की बदलीचा हुकूम यायचा. 'बदली' हा शब्द आमच्या घरात कोणी सहज उच्चारत नसे. आणि मी तो ढाक्याहून, घराशेजारच्या डाळमिलच्या फोनवर, ओरडून उच्चारला.

"नाना, मी अजून बदलीच शे!"

"बदली? कोठे व्हयनी तुनी बदली?"

"आठेच, ढाक्यामा!"

"आठेनी आठेच? हाऊ कोनता कायदा शे?"

"कोचनी मर्जी नही. जागा रिकामी व्हयनी तं घेतीन, म्हणे."

(हे वाक्य नानांनी जन्मभर ऐकलं होतं.) ते म्हणाले, "घाबरू नको. मी येस."

योगायोगानं आमचा सामना कलकत्त्यात ठरला. नाना हावड्याच्या गाडीनं येणार म्हटल्यावर मी कोचचे पाय धरायचेच बाकी ठेवले. नानांनी मला कधीच खेळताना पाहिलं नव्हतं! कोच विरघळले. "दुसऱ्या हाफमध्ये उतरवतो," म्हणाले. मी बूट दोनदा पॉलिश केले.

सामन्याच्या सकाळी मी सरावाला गेलो आणि नाना केळ्यांचा अख्खा घड घेऊन थेट कोचच्या खोलीत. कोच बंगाली, नाना खान्देशी. हिंदी दोघांचीही सारखीच कच्ची.

"साहब, लडके का बदली रद्द करो."

"बदली रद्द? पक्का?"

"एकदम पक्का!"

कोचकडे बाकावरच्या जागांपेक्षा बदली खेळाडू जास्त होते. त्यांनी आनंदानं माझं नाव खोडलं.

"अहो, पण दुसरा हाफ?" सरावाहून परतल्यावर यादी पाहून मी रडकुंडीला आलो.

"तुम्हारे पिताजी खुद बोले," कोच केळं सोलत म्हणाले. "बाप का बात कैसे टालेगा?"

तेव्हा सामना मी प्रेक्षकांत बसून पाहिला, नानांच्या शेजारी. सुरुवातीलाच आमचा राइट बॅक लंगडत बाहेर आला. माझीच जागा! मी अर्धवट उठलोसुद्धा. नानांनी गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"व्हयनी ना रद्द?"

स्वतःची एकही बदली त्यांना रद्द करता आली नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"व्हयनी, नाना."

"आते तुले कोनी हात लावाव नही!"

तेही खरंच ठरलं. त्या मोसमात मला कोणीच हात लावला नाही. पुढच्या मोसमात तर क्लबनंही नाही.

नानांना मी खेळताना कधीच दिसलो नाही. ते गेले तेव्हा दारी आलेल्या पाहुण्यांना शेजारचे आबा हळूच माझी ओळख करून देत होते, "हाऊ त्यासना पोऱ्या. परदेशमा फुटबॉल खेये. नानानी यानीच बदली रद्द करी व्हती."

मी मान डोलावली. माझ्या कारकिर्दीबद्दल शपथेवर सांगता येईल अशी तेवढी एकच गोष्ट आहे.