तुमची दोरी हलली का?

आमच्या हिगाशी-कसाईच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांइतका संशयी माणूस अख्ख्या जपानात झाला नसेल. एका व्यापारी कंपनीने त्यांना मुंबईहून इथे पाठवलं होतं. पण त्यांच्या लेखी त्यांचं खरं काम म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन होमिओपॅथचं चरित्र लिहिणं. हे ‘डॉक्टरसाहेब’ औषधं स्वतःच्या हाताने बनवत, म्हणून औषधविक्रेत्यांनी त्यांच्यावर खटले भरले आणि बिचाऱ्यांना गावोगाव बिऱ्हाड हलवावं लागलं. तो सगळा राग काका स्टेशनसमोरच्या औषधांच्या दुकानावर काढत. “हीच ती जमात,” असं म्हणून ते पलीकडच्या फुटपाथवरून जात. मोठ्या भूकंपात अणुभट्टी फुटल्यानंतर तर विचारूच नका. पालक कुठल्या प्रांतातला, पाणी कुठल्या डोंगरातलं, हे वाचून झालं की लेबल छापणाऱ्याचाही त्यांना संशय येई. काकू तेव्हाच पुण्याला गेल्या होत्या.

डॉक्टरसाहेबांची एक पद्धत काकांनी उचलली होती: धडधाकट माणसाने औषध स्वतः घ्यायचं आणि अंगात जे जे होईल ते वेळेसकट वहीत लिहायचं. जमीनच दिवसातून चारदा हलत होती अशा महिन्यांत हा प्रयोग करावासा वाटणं, हे काकांनाच जमावं. चक्कर आली तर ती गोळीची की धरणीची? आम्ही सगळेच तेव्हा छताच्या दिव्याच्या, ओढून तो लावायच्या लोंबत्या दोरीकडे बघून भूकंप ओळखायचो. पण काकांचा स्वतःच्या दोरीवर भरवसा नव्हता. ते वही घेऊन खाली येत आणि बूट काढायच्या आधीच विचारत, “तुमची दोरी हलली का?” हलली म्हटलं की नोंदीपुढे फुली मारत. नाही म्हटलं की इतके खूश होत, की बायको आपसूक चहा ठेवी. कॉफीचा वास आला तर मात्र दारातूनच परत जात. डॉक्टरसाहेबांना ती वर्ज्य होती.

एका रविवारी सकाळी ते भिंत धरून आले. दोरी स्थिर होती.

“नाही हलली,” मी म्हटलं. काकांनी पेन काढलं नाही.

“गोळी कधी घेतलीत?”

“संपून चार दिवस झाले. पार्सल आलं नाही अजून.”

मला भीतीच वाटली. “काका, म्हणजे ही चक्कर तुमची स्वतःची आहे.”

“दोरी अडकली नाही ना कुठे?”

मी ती हलवून दाखवली. मग ते मुकाट्याने माझ्याबरोबर टॅक्सीत बसले.

हृदयाचे ठोके मध्येच चुकत होते. केव्हापासून, असं हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी विचारल्यावर काकांनी वही पुढे केली. मी भाषांतर करत गेलो आणि फुली नसलेल्या सगळ्या चकरा, मिनिटांसकट, डॉक्टर उतरवून घेत गेले. इतकं नीट सांगणारा पेशंट पाहिला नाही, असं ते म्हणाले. “आमच्या डॉक्टरसाहेबांची पद्धत आहे ही. सांगा त्यांना,” काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. लगेच, ठोके सांभाळायला छातीत बसवायचं ते पेसमेकरचं यंत्र कोण बनवतं, तेही विचारायला त्यांनी मला लावलं.

यंत्र बसवून काका काकूंकडे पुण्याला गेले. चरित्राचं शेवटचं प्रकरण अजून अडलंय. डॉक्टरसाहेब कशाने गेले, याबद्दल कुठल्याच साक्षीवर त्यांचा विश्वास नाही. हल्ली चक्कर अजिबात येत नाही, त्याचाही त्यांना संशय येतो, असं काकू फोनवर सांगतात.

बायको रिमोटवाला दिवा घ्यायचा म्हणते, पण मी दोरीचा दिवा काढू देत नाही. परवा सकाळी दोरी हलली. मी घड्याळ पाहिलं, आठ सतरा झाले होते. आणि वरून कोणी येणार नाही हे माहीत असूनही मी दार उघडून उभा राहिलो.