न्हावऱ्याच्या आत्याबाईंचा फोटो

बाळांनो, व्हिडिओ कॉलवर तुम्ही दर वेळी विचारता, ‘आजी, तिथे एकटी राहतेस, सेफ आहे ना?’ मी दर वेळी ‘हो’ म्हणते आणि तुम्हाला ते पटत नाही. म्हणून या खेपेला जरा सविस्तर लिहिते.

शिरूरला आमच्या सोसायटीला एकच मोठं फाटक आहे. तिथे वॉचमनची केबिन, वर कॅमेरे आणि केबिनला लागून सिमेंटचा एक कट्टा. दुपारी उन्हं कलली की आम्ही बायका तिथे भाजी घेऊन बसतो. कोणाची मेथी, कोणाचे मटार. माझ्या शेजारी नेहमी बसते ती समोरच्या फ्लॅटमधली, मूळची निमोण्याची. मी तिला वहिनी म्हणते, ती मला ताई. तिच्याइतक्या भरभर मटार सोलणारी आणि त्याहून भरभर बोलणारी बाई मी पाहिलेली नाही.

यंदा थंडीच्या सुरुवातीला पलीकडच्या कॉलनीत भरदुपारी घरफोडी झाली. आमचे सेक्रेटरी निवृत्त फौजदार. त्यांनी लगेच सभा बोलावली आणि चोर कसे येतात ते आम्हाला समजावून सांगितलं. ‘चोर रात्री तोंड बांधून येत नाही,’ ते म्हणाले. ‘दुपारी चांगल्या कपड्यात येतो. पाणी मागतो. मग गोड बोलून विचारतो, अमक्यांच्या घरी दिवसभर कोण असतं, पोरं कामावरून कधी येतात. तुम्ही भोळेपणानं सांगता. इथून पुढं अनोळखी माणसाला कुणाच्या घरची काही माहिती द्यायची नाही. एक अक्षर नाही!’

मला नियम स्वच्छ शब्दांत लिहिलेले आवडतात, हे तुमचा बाबा तुम्हाला सांगेलच. मी तो नियम टाइप करून लिफ्टमध्ये लावला.

आता दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीबद्दल. ती रांजणगावच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथेच काम करणारा, न्हावऱ्याचा एक मुलगा तिला आवडला आणि तिने घरी सरळ सांगून टाकलं. तिच्या आईवडिलांची ना नव्हती. मुलाच्या घरचेही तयार होते, पण त्याला आई नाही. वाढवलं आत्याने. त्या घरात आत्या म्हणेल ती पूर्व दिशा. ‘आजी, आत्या हो म्हणाल्या की झालं,’ मुलगी मला म्हणाली होती, ‘आणि नाही म्हणाल्या की संपलं. तो त्यांचा शब्द मोडणार नाही. मलाही मोडायला लावायचा नाहीये.’ एरवी एवढी बोलकी पोर, पण त्या दिवसांत जिना चढताना मान खाली घालून जायची.

तर एके दुपारी आम्ही कट्ट्यावर होतो. नऊवारी नेसलेली, हातात पिशवी घेतलेली एक बाई फाटकातून आली आणि आमच्याजवळच टेकली.

‘जरा पाणी मिळंल का?’

वहिनीने तांब्या दिला, पण माझ्याकडे एक डोळा ठेवून.

‘दुसऱ्या मजल्यावरची मानसं कशी हायती?’ बाईंनी विचारलं.

वहिनी गप्प. वहिनी गप्प बसली ही त्या दिवसातली पहिली नवलाची गोष्ट.

‘घरी दिवसभर कोन असतं?’

आम्ही सगळ्या मटार सोलत राहिलो.

‘आन् ती पोरगी कामावरनं कवा येती?’

मी चष्मा नीट केला आणि म्हणाले, ‘आम्हाला काही माहीत नाही.’

‘येका बिल्डिंगीत ऱ्हाता आन् म्हाईत न्हाई?’

‘न्हाई,’ वहिनी म्हणाली. ‘आमी कुनाच्यात न्हाई.’

बाईंनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं, तांब्या खाली ठेवला आणि चालत्या झाल्या. तेवढ्यात आमच्या बिहारी वॉचमनने केबिनच्या खिडकीतून त्यांचा फोटो काढला होता. तो सोसायटीच्या ग्रुपवर गेला. वर सेक्रेटरींनी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘सावधान!’ खाली सगळ्यांचे अंगठे. फोटोची एक प्रत केबिनमध्येही, वर तसंच ‘सावधान’ लिहून, चिकटवली गेली. आमची पाठ थोपटली गेली. वहिनी म्हणाली, ‘ताई, आपुन तर सीआयडीच झालो की!’

संध्याकाळी मुलगी कंपनीच्या बसमधून उतरली ती मोबाइल हातात घेऊन धावतच माझ्या दारात.

‘आजी, काय केलंत हे? या त्याच्या आत्या आहेत!’

आपल्याकडे सोयरीक ठरवण्याआधी चौकशी करतात. मुलीच्या घरी जाऊन विचारत नाहीत, शेजारीपाजारी विचारतात. कारण आईबाप आपल्या लेकीला चांगलीच म्हणणार, खरं शेजारी सांगतात. शेजाऱ्यांनी चार गुण सांगितले, एखादा दोष सांगितला, तरी काम होतं. पण शेजारी गप्प बसले तर एकच अर्थ, पाणी मुरतंय. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. निम्म्या जणींची लग्नं अशीच ठरलेली. तरी त्या दुपारी एकीलाही आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी न्हावऱ्याहून निरोप आलाच. आत्या नको म्हणाल्या.

मुलीची आई रडायला लागली. मुलगी रडली नाही. डबा भरून कामावर गेली. ते मला जास्त लागलं. मी वहिनीला म्हटलं, ‘पदर खोच. आपण जायचं.’

न्हावऱ्याला आम्ही एसटीने उतरलो. स्टँडवर चहाच्या टपरीपाशी घर विचारलं, तर तिथे बसलेल्या एका आबांनी घर तर सांगितलंच, शिवाय न विचारता बाकीचंही सांगितलं. ‘पोरगं लाखात येक. आत्याचं आयकतंय. व्यसन न्हाई. फकस्त सकाळी लवकर उठत न्हाई. आन् तुमी कोनच्या?’

‘बघितलं का ताई,’ वहिनी कुजबुजली, ‘कॅमेऱ्याबिगर सगळं रेकॉर्ड हाय.’

आत्याबाई कांद्याच्या चाळीत कांदे निवडत होत्या. आम्हाला ओळखून त्यांनी मान फिरवली.

‘आता कशाला आलाय? तवा तर त्वांड शिवलं हुतं.’

मी नियम, घरफोडी, सेक्रेटरी, सगळं क्रमाने सांगितलं. शेवटी मोबाइलवरचा फोटोही दाखवला. तो दाखवायला नको होता, असं वहिनीच्या चेहऱ्यावर मला दिसलं, पण उशिरा.

‘म्हंजी तुमी मला चोर समजलात?’

‘व्हय,’ वहिनी म्हणाली. ‘आन् तुमी आमच्या पोरीत खोट हाय असं समजलात. फिटंफाट झाली.’

आत्याबाई अशा हसल्या की हातातला कांदा घरंगळत गेला.

‘इतक्या बायका आन् येकीनंबी त्वांड उघाडलं न्हाई! आमच्या भावकीत आशी येक बाई दावा. बरं, आता तरी बोला. कशी हाय पोरगी?’

मग काय विचारता! वहिनीचा अडवलेला बांध फुटला. मुलगी आजारी शेजाऱ्यांना डबा कशी पोचवते, बापाला स्कूटर चालवायला कसं शिकवलं, सगळं आलं. भाकरी करपवते हेही आलं. मी डोळे वटारले.

‘असू द्या,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘करपती म्हंजी थापती तरी. तुमी सांगा बाई, तुमची नात दिली असती का आमच्यात?’

‘दिली असती,’ मी म्हणाले. ‘पण मुलगा उशिरा उठतो असं स्टँडवर कळलं.’

‘त्या आबाचं त्वांड!’ त्या म्हणाल्या आणि आमच्यासाठी चहा टाकायला उठल्या.

पुढच्या रविवारी आत्याबाई नारळ आणि साखर घेऊन होकार द्यायला शिरूरला आल्या आणि फाटकात अडकल्या. वॉचमनने केबिनमधल्या फोटोकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि शिट्टी वाजवली. सेक्रेटरी बनियनवर धावत खाली आले. मुलगी तर दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत आली आणि वाकून पाया पडली. आत्याबाईंनी तिला उठवलं, तिच्या तोंडात साखर घातली आणि मगच वॉचमनकडे वळल्या. सेक्रेटरी फोटो काढून टाकायला निघाले, तर आत्याबाईंनी त्यांचा हात धरला.

‘ऱ्हाऊ द्या. पर ह्यात पदर वाकडा आलाय. दुसरा काढा.’

वॉचमनने तिथल्या तिथे नवा काढला, नारळासकट. तोच आता केबिनमध्ये आहे. वरचं ‘सावधान’ तेवढं सेक्रेटरींनी खोडलं. मुलगी मात्र म्हणते, राहू द्यायला हवं होतं.