राजमहंमदचाचांच्या दुकानाची किल्ली

भिगवणात हायवेला माझी मच्छीची खानावळ. शेजारी राजमहंमदचाचांचं ताडपत्री शिवायचं दुकान. चाचा म्हंजी लई हट्टी, माझ्याहून हट्टी! त्यांची सून शमशाद. नवरा ट्रकवर, ही बारा वर्षं दुकानात; पण काम काय, तर ताडपत्र्यांच्या घड्या घालायच्या. मशीनला हात लावायचा न्हाय. चाचा दुपारी झोपले की चोरून माझ्या खानावळीचे पडदे शिवायची. मी भांडायची, "चाचा, पोरीच्या हातात कला हाय." तर म्हणायचे, "सिंधू, तू मासं तळ."

पुढं चाचांना मोतीबिंदू झाला. दुकान मोबाईलवाल्याला द्यायचं ठरलं. शमशाद माझ्याकडं येऊन ढसाढसा रडली.

अशात पुण्याचे माधव डॉक्टर आन त्यांच्या मंडळी श्यामलाताई पक्षी बघायला आले. गाडीमागं एक चाकांची पेटी वढत आणलेली. उघडली की तिची कापडी खोली व्हायची. शेकोटीच्या ठिणग्यांनी छताला बारीक भोकं पडलेली, आन अवकाळीत गाद्या भिजलेल्या. दुरुस्तीला चाचांकडं आले, तर चाचांनी कापड चाचपलं. "मला भोकंच दिसंनात. न्हाय जमायचं."

"मला दिसत्यात," शमशाद म्हणाली.

चाचा भडकले. पण गिऱ्हाइकासमोर किती भडकणार! "कर. एक थेंब गळला तर उद्याच्या उद्या मोबाईलवाल्याला किल्ली."

शमशाद भर उन्हात त्या खोलीत शिरली, खिडक्या बंद केल्या. आतनं जिथं जिथं ऊन दिसलं तिथं खडूनं गोल केला. एकोणीस भोकं! मग छत सोडवून तसल्याच सुती कापडाची ठिगळं लावली. ती नुसती चिकटवणार हुती, तर चाचा वरडले, "ट्रकच्या ताडपत्रीला मारतो तशी दुहेरी शिलाई मार!" मारली बिचारीनं.

छत परत चढवलं. पाणी घालणाऱ्या सोपाननं त्याच्या टँकरचा पाइप वर सोडला. आत टपटप, टपटप.

"गळलं," चाचा म्हणाले. "शटर वढ."

शमशाद मात्र स्टुलावर चढली, बोटानं ठिगळं चाचपली आन सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "अब्बा, ठिगळ गळलं न्हाय. सुईची भोकं गळत्यात. तुमची दुहेरी शिलाई गळली."

आई शप्पत, बारा वर्षांत ती एवढं बोलली नव्हती! चाचांनी स्वतः शिलाईवरनं बोट फिरवलं. म्हणाले, "मग बुजव."

तिनं कापड वाळवलं. मोच्याकडनं दोऱ्याला लावायचं मेण आणलं, प्रत्येक शिलाईवर दोन्हीकडनं घासलं, वर कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवली.

दुसऱ्या दिवशी चाचा ईदचा पांढराशुभ्र कुर्ता घालून आले आन थेट त्या खोलीत जाऊन बसले. "सोपान, सोड पाणी."

निम्मा टँकर रिकामा झाला. मी बाहेरनं वरडतीय, "चाचा, भिजला का?" शेवटी आले बाहेर. मी खांदा चाचपला, पाठ चाचपली, टोपी चाचपली. खडखडीत कोरडे! अशी आरोळी ठोकली मी! तिकडं तव्यावर मासा करपला. करपू दे मेला!

तेवढ्यात मोबाईलवाला आला. "चाचा, किल्ली न्यायला आलोय."

चाचांनी खिशातनं किल्ली काढली आन शमशादच्या हातात ठेवली. "मला काय इचारतूस? मिस्त्रीला इचार."

शमशादनं किल्ली कमरेला खोचली. "दुकान चालू हाय, भाऊ," ती म्हणाली. "काय फाटलंय का तुमचं?"