खुशालरावांचा आवाज

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी अमरावतीच्या बसस्थानकातून अंजनगाव सुर्जीची एसटी हलली, तेव्हा शफीचं काम सुरू झालेलं होतं. मांडीवर टॅबलेट, कानात वायरचे हेडफोन, आणि टॅबलेटवर व डोक्यावर मिळून ओढलेला, एरवी खांद्यावर असणारा एकच दुपट्टा. मागच्या खिडक्यांतून येणाऱ्या उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून हा तंबू. कॅमकॉर्डरची पिशवी पायांच्या मधे, पट्टा घोट्याला गुंडाळलेला. रात्रीचं अमरावतीचं लग्न त्या पिशवीतल्या कार्डात होतं. ते आज उघडायचं नव्हतं. आज खुशालरावांचा आवाज शोधायचा होता.

शेख शफी अकोल्यात जठारपेठेत झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत राहतो. वय सत्तेचाळीस. पंचवीस वर्षं लग्नांचे व्हिडिओ काढतो. आधी घरी कॉम्प्युटर होता. तो बंद पडल्यावर त्याने दुरुस्त केला नाही, टॅबलेट घेतला. कारण हंगामात त्याला बसायला मिळतं ते एसटीत किंवा रेल्वेत. मूर्तिजापूरच्या हळदीचं एडिटिंग अकोट रस्त्यावर, अकोटच्या लग्नाचं बडनेऱ्याच्या फलाटावर. घरी करण्यासारखं घरही आता नव्हतं. मुलगी आरजू फार्मसी शिकायला नागपूरला गेली, तेव्हा बायको फरजाना तिच्यासोबत राहायला गेली. शिक्षण संपलं, आरजूला तिथेच नोकरी लागली, फरजाना परत आली नाही. भांडण झालं नाही. ईदला तो जातो, दोन दिवस राहतो, पाहुण्यासारखा चहा पितो आणि परत येतो.

वऱ्हाडातल्या लग्नाच्या व्हिडिओत आवाज नसतो. म्हणजे गाणी असतात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. माणसांचं बोलणं नसतं. ते गिऱ्हाइकालाच नको असतं. यंदा जिच्या लग्नाचा व्हिडिओ काढला त्या दीपमालानेही गाण्यांची यादी देताना सांगितलं होतं, “शफीभाऊ, मधातला गलका सारा काढून टाका. नुसते गाणे ठेवा.” त्याने काढून टाकला. काढायला सोपा असतो: चित्राखालची आवाजाची पट्टी वेगळी करायची आणि पुसायची. त्या गलक्यात सर्वांत मोठा आवाज नेहमी शफीचाच असतो, कारण माइकच्या सर्वांत जवळ तोच उभा. “काकू, इकडे पाहा.” “नवरदेव, मान वर.” “मामा, सरका जरासे.” एवढ्या वर्षांत त्याने स्वतःचा आवाज जितका पुसला तितका दुसऱ्या कोणाचा पुसला नसेल.

दीपमालाचे वडील खुशालराव जीवन प्राधिकरणातून निवृत्त झालेले पंप ऑपरेटर. लेकीचं लग्न फेब्रुवारीत केलं आणि एप्रिलमध्ये हृदयविकाराने गेले. आज दुपारी अंजनगावला त्यांचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. माणसाकडे बटनाचा मोबाईल होता. निरोप पाठवायचा तर पोरांना पाठवायचा. त्यामुळे त्यांचा आवाज कुठेच नव्हता. परवा दीपमालाचा फोन आला होता: कार्यक्रमात लावायला बाबांचा आवाज मिळेल का? शफीने “आणतो” म्हटलं, आणि म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं की कार्डं कधीच पुसून झाली आहेत. उरलं होतं फक्त टॅबलेटमधलं ‘भंगार’. न वापरलेले, हललेले, फसलेले तुकडे तो त्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो आणि पुसायला विसरतो.

वलगाव गेलं. भंगारातल्या एका तुकड्यात खुशालराव पांढरा सदरा घालून पाहुण्यांना हात जोडत होते. ओठ हलत होते, वर बँड वाजत होता. दुसऱ्यात ते व्याह्याला काही सांगत होते, आणि त्याच वाक्यावर शफीचा आवाज पडला होता: “काका, थोडे मागं या.” तिसऱ्यातही तेच. जिथे जिथे खुशालराव बोलायला तोंड उघडत होते, तिथे तिथे शफी त्यांना सरकवत होता.

“काहो भाऊ,” शेजारच्या सीटवरच्या बाईंनी त्याला कोपराने ढोसलं. मांडीवर मेथीची पिशवी, उतरायचं दर्यापूरला. “तोंड झाकून का पाहून राहिले? चांगलं पाहणारा माणूस असा बुरख्यात नाही बसत.”

शफीने दुपट्टा बाजूला केला आणि टॅबलेट त्यांच्याकडे वळवला. “लग्न हाय मावशी. पाहा.”

बाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. “हा म्हातारा कोन?”

“पोरीचा बाप.”

“लय धावून राहिला बिचारा. आन् नवरी कशी हाय?”

“चांगली हाय.”

“मंग नवरी दाखवा ना! म्हाताऱ्याले काय पाहता?” त्या हसल्या, आणि खिडकीकडे तोंड करून झोपल्या.

फोन वाजला. दीपमाला.

“सापडला का शफीभाऊ?”

“पाहून राहिलो ताई. गाडीतच हावो.”

“एखादा शब्द असला तरी चालते.” मागे खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. “आन् एक पाह्यजा. बिदाईत बाबा कुठीच दिसत नाही. मी किती खेप पाह्यलं. सासरी सारे विचारतात, बाप कुठी होता म्हून. मी काय सांगू? मले त्यावक्ती काही दिसलंच नाही, इतकी रडली मी.”

“पाहतो,” शफी म्हणाला.

शेवटून चौथा तुकडा उघडला, तेव्हा पडद्यावर मांडवाची हिरवी चटई आली. आडवी. तिच्यावर एक चप्पल, प्लॅस्टिकचा ग्लास, आणि मागे मांडवाच्या कापडाची शिवण. शफीने ओळखलं. कॅमेरा चालवणाऱ्या प्रत्येकाकडून कधी ना कधी ही चूक होते: बंद करायला बटन दाबलं, ते लागलं नाही, कॅमेरा चालूच राहिला. पुढच्या वेळी चालू करायला दाबलं की तो बंद होतो. चटई निघते आणि लग्न राहून जातं. त्या दिवशी खुर्चीवर ठेवलेला कॅमेरा असाच चालू होता, आणि म्हणून बिदाईची सुरुवात हुकली होती. लक्षात आलं तेव्हा नवरी गाडीत बसलेली होती.

चित्र चटईचंच राहिलं. आवाज मात्र स्वच्छ होता. बँड जेवायला गेला असावा.

“जेवला का गा?” खुशालराव.

“जेवतो काका.” शफी.

“जेवतो म्हंजे नाही जेवला. त्या कॅमेऱ्याले खाऊ घातलं का तुले? चाल, वांग्याची भाजी उरली हाय. संपल्यावर मले नावं ठेवशीन.”

“बिदाई होऊ द्या काका. मंग जेवतो.”

“बिदाईले वेळ हाय.” खुर्ची ओढल्याचा आवाज. मग तोच माणूस, पण खाली उतरलेल्या आवाजात: “मी नाही येत गाडीजोळ. तुमी करून घ्या. मले रडू येते. रडतानाचं काढू नोको गा. लोक मंग घडीघडी लावून पाहतात.”

“नाही काढत काका.”

त्यानंतर बराच वेळ खुशालराव रडत होते. मोठ्याने नाही. दुपट्टा तोंडात धरून रडणाऱ्या माणसाचा आवाज जसा येतो तसा. मधे दोनदा “दीपू” ऐकू आलं. शफीचा आवाज त्यात नव्हता. तो तिथेच, बाजूच्या खुर्चीवर बसलेला होता हे त्याला आता आठवलं. मग कोणीतरी “व्हिडिओवाले कुठी हाय?” म्हणून ओरडलं आणि तुकडा संपला.

शफीने हेडफोन काढले. गाडी पूर्णेच्या पुलावर होती. लेकीला बाप कुठे होता ते हवं होतं, आणि ते त्याच्या मांडीवर होतं. बापाने मनाई केली होती, आणि त्याने होकार दिला होता. तो होकारही त्याच तुकड्यात, त्याच्याच आवाजात, स्वच्छ रेकॉर्ड झालेला होता.

ठरवायला त्याला दर्यापूरपर्यंत वेळ लागला. मेथीवाल्या मावशी उतरल्या, नवी माणसं चढली. त्याने तुकडा “बिदाईले वेळ हाय” इथे कापला. आधी सवयीने स्वतःचा आवाज काढून पाहिला. मग खुशालराव रिकाम्या मांडवात कोणालाही जेवायला बोलावताहेत असं वाटू लागलं. त्याने आवाज परत लावला. चटईच्या जागी खुशालरावांचा पांढऱ्या सदऱ्यातला फोटो टाकला. कापलेला रडण्याचा भाग आणि मूळ तुकडा दोन्ही निवडले. कायमचं काढायचं का, असं टॅबलेटने विचारलं. शफीने हो दाबलं. गाडी अंजनगावच्या रस्त्याला लागलेली होती.

कार्यक्रम घरासमोरच्या मांडवात होता. त्रिशरण-पंचशील झालं, दोघेतिघे बोलले, कोणीतरी खुशालरावांच्या पंपावरच्या शिस्तीबद्दल सांगितलं. मग दीपमालाने टॅबलेट माइकशी धरला. “जेवला का गा?” मांडवभर घुमलं. पहिल्या रांगेतल्या बाया दचकल्या. “त्या कॅमेऱ्याले खाऊ घातलं का तुले?” यावर म्हातारे हसले, आणि हसताहसता दोघांनी डोळे पुसले. एकाने विचारलं, “तो दुसरा कोन बोलून राहिला?” “व्हिडिओवाला,” कोणीतरी सांगितलं. तिने तुकडा पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही लावला.

नंतर ती टॅबलेट परत द्यायला मांडवाच्या कडेला आली. डोळे सुजलेले.

“एवढंच होतं?”

“एवढंच, ताई.”

“आन् बिदाईत?”

शफीने टॅबलेट पिशवीत घातला. “बिदाईच्या वक्ती काका मांडवामागं होते. माह्याजोळ.”

“काय करून राह्यले होते?”

“मले जेवायले बोलावून राह्यले होते.”

“पोरगी चालली सासरी, आन् याइले भाजीची पडली,” ती म्हणाली. मग मान हलवली. “बाबा असेच होते.” आणि पाहुण्यांकडे वळली.

पंगतीत शफीच्या शेजारी परतवाड्याचा कोणी पाहुणा होता. त्याने वाढणाऱ्याला वरण मागितलं आणि पिशवीकडे बोट दाखवलं. “कॅमेरा हाय त मंग शूटिंग काहून नाही केलं?”

“आज काढाचं नव्हतं,” शफी म्हणाला.

“असं कसं? आठवन राह्यते ना.”

शफी जेवला, हात धुतला आणि अकोटच्या गाडीसाठी स्टँडवर आला. वाटेत आरजूचा मेसेज होता: या महिन्यात येणार का? त्याने तारखा पाहिल्या आणि नाही लिहिलं. गाडीत खिडकीची जागा मिळाली. त्याने दुपट्टा डोक्यावर ओढला, अमरावतीचं कार्ड टॅबलेटला जोडलं आणि पहिल्या तुकड्यापासून आवाजाची पट्टी वेगळी करायला घेतली.

उद्या मूर्तिजापूरला हळद आहे, नऊ वाजता.